नेरळच्या फिटरकाकांना मनापासून धन्यवाद

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

नेरळला जतन करून ठेवलेल्या वाफेच्या इंजिनापाशी तुम्ही आम्हाला दिलेल्या वेळाबद्दल हे जाहीर पत्र. तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच.

माथेरानची गाडी १९०७ साली सुरू झाली, पीरभॉय कुटुंबाने ती बांधली आणि पहिली चार इंजिनं जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कोपेल कारखान्यातून आली, एवढं मी वाचून होतो. दोन फुटी रूळ, वीस फुटांना एक फूट चढ, हेही पाठ. पण एकामागे एक असे तीन अ‍ॅक्सल (चाकांच्या जोडीला जोडणारे आडवे दांडे) असलेलं इंजिन घाटातल्या त्या आवळलेल्या वळणांवर अडकत कसं नाही, हा प्रश्न तुम्ही माझ्या लेकीला विचारलात तेव्हा मीसुद्धा गप्प झालो.

तुम्ही सांगाड्याबाहेरच्या क्रँकवर, म्हणजे अ‍ॅक्सल फिरवणाऱ्या बाहेरच्या भुजेवर, हात ठेवलात. "चाकं बघ, आतल्या बाजूला आहेत." मग खिशातला पेन काढलात, वर्तमानपत्राची सैलसर सुरळी त्यावर चढवलीत आणि पेन स्थिर धरून सुरळी जराशी तिरपी केलीत. पेन म्हणजे क्रँकने फिरणारा भरीव अ‍ॅक्सल, सुरळी म्हणजे चाकं बसवलेला पोकळ अ‍ॅक्सल, दोघांच्या मधोमध गोळ्यासारखा सांधा. पहिला आणि तिसरा अ‍ॅक्सल असा, म्हणून क्रँकना जोडणारे बाहेरचे दांडे सरळ रेषेत राहतात आणि चाकं मात्र वळणाबरोबर थोडी वळतात. क्लीन-लिंडनर रचना म्हणतात ती हीच. आकृती बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तिथे दोन मिनिटांत शिरलं.

जुनी इंजिनं रंगवून चौथऱ्यावर चढवली की जतन झालं असं आपण मानतो. मला ते अपुरं वाटतं. फलकावर साल असतं, कारखान्याचं नाव असतं. ते यंत्र हा घाट कसं चढायचं हे बहुतेक वेळा नसतंच. ते तुमच्यासारख्यांच्या हातांत आहे, आणि तुम्ही ते एका अनोळखी मुलीला इतक्या आपुलकीने दिलंत. खरंच, फार मोठे उपकार आहेत.

एक विनंती आहे. परवानगी दिलीत तर पुढच्या खेपेला तुमचं सांगणं रेकॉर्ड करीन. बॉयलरबद्दल आणि उतारावरच्या ब्रेकबद्दल लेकीने प्रश्न काढून ठेवलेत. अ‍ॅक्सलचं तिने काढलेलं चित्र सोबत पाठवतोय, सांधा कुठे चुकला असेल तर तिला नक्की सांगा.

तुमचा कृतज्ञ