सूचना: रविवारच्या विज्ञानगप्पांसाठी प्रश्न पाठवा

सभासदहो, येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता विज्ञानगप्पा आहेत. प्रश्न शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठवा, म्हणजे उत्तर नीट तपासून आणता येईल.

प्रश्न साधा वाटतो म्हणून गप्प बसू नका. मागच्या खेपेस एका चिमुरडीने विचारलं, बर्फाचा खडा कडेला काचेसारखा आणि मधोमध पांढरा का? पाणी बाहेरून आत गोठत जातं. त्यात विरघळलेली हवा बर्फात सामावत नाही, आत ढकलली जाते आणि शेवटी मध्यभागी बारीक बुडबुडे होऊन अडकते. त्यांच्यावर प्रकाश विखुरतो, म्हणून तो भाग पांढरा. खडा उजेडासमोर धरून बघाच, बुडबुडे स्पष्ट दिसतात. (तो प्रश्न त्या दिवशीचा सगळ्यात सुंदर होता.)

नव्या शोधांत या वेळी बेन्नू लघुग्रह. २०२३ मध्ये तिथून पृथ्वीवर आणलेल्या सुमारे १२१ ग्रॅम नमुन्याच्या तपासणीत, सजीवांची प्रथिनं ज्या २० अमिनो आम्लांपासून बनतात त्यांतली १४ सापडली आहेत. मूठभर माती, आणि केवढी गोष्ट! यावर निवांत बोलू.

मुलांना जरूर आणा, त्यांचे प्रश्न आधी घेणार आहोत.