मेमो सिस्टरला, ट्रे तिथंच

महोदय,

चुकीचं इंजेक्शन दिलं गेलं, परिचारिका निलंबित, अशी बातमी आपल्या दैनिकात अधूनमधून येते. एकतीस वर्षं वॉर्डात काढल्यामुळे ती वाचताना मला वेगळाच प्रश्न पडतो. ही चूक एक ना एक दिवस होणार, हे तिथल्या किती जणींना आधीच ठाऊक होतं? बहुधा सगळ्यांना. मग कुणी बोललं का नाही? याचं उत्तर मी माझ्यापुरतं देऊ शकते, कारण एकीला गप्प बसवणारी मीच होते.

आमच्या इंजेक्शन ट्रॉलीवरच्या एका ट्रेमध्ये पोटॅशियम क्लोराइडच्या अँप्युल, म्हणजे काचेच्या बंद कुप्या, असत आणि त्यांना खेटूनच डिस्टिल्ड वॉटरच्या. दोन्ही दहा मिलीच्या, आतलं औषध पाण्यासारखंच दिसणारं, लेबलावरची छपाई तेवढीच बारीक. अँटिबायोटिकची पावडर पाण्यात विरघळवायची आणि शिरेतून द्यायची, हे काम रात्रभर चालूच असतं. पोटॅशियमचं तसं नाही. ते सलाईनमध्ये मिसळून, थेंबाथेंबानं, तासांच्या हिशेबानं सोडायचं असतं. न मिसळता थेट शिरेत गेलं तर हृदय बंद पडू शकतं, तेही इतक्या झटपट की धावाधाव करायलाही वेळ मिळत नाही.

एका नाइटला, पहाटे चारच्या डोसच्या वेळी, आमच्याकडे नवीनच लागलेली मुलगी माझ्यापाशी आली. हातात मान मोडलेली अँप्युल. “सिस्टर, पाणी समजून मी हे फोडलं. भरायच्या आधी लक्षात आलं. इन्सिडंट रिपोर्ट लिहू का?” तिच्या बोटाला काच लागून रक्त येत होतं, तिकडे तिचं लक्षही नव्हतं. त्या रात्री मी सिनियर होते. मी म्हटलं, “पेशंटला गेलं नाही ना? मग टाकून दे. लिहिलंस तर तुझंच नाव लागेल.” मी तिला सांभाळून घेतलं असंच मला तेव्हा वाटलं.

चार महिन्यांनी त्याच ट्रेमधलं पोटॅशियम माझ्या सिरिंजमध्ये होतं. नोकरीची वीस वर्षं झालेली, चष्मा नाकावर. व्हायलच्या बुचात सुई घालणार, तेवढ्यात टेबलावरच्या रिकाम्या अँप्युलवर नजर गेली, म्हणून निभावलं. या वेळी मात्र मी लिहिलं. तारीख, वेळ, औषध, सगळं. ट्रेमध्ये काय कुठे ठेवलंय याचं चित्रही काढून जोडलं. तिसऱ्या दिवशी मेमो हातात पडला: झालेल्या हलगर्जीपणाबद्दल ४८ तासांत लेखी खुलासा करावा. कागदाच्या दोन्ही बाजू उलटून पाहिल्या. ट्रेबद्दल अवाक्षर नव्हतं.

मी काही जगावेगळं मागत नव्हते. पोटॅशियमची तीव्र द्रावणं वॉर्डात मोकळी ठेवू नयेत, फार्मसीत किंवा कुलपात ठेवावीत, त्यावर ठळक इशारा असावा, हे जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्येच सांगून ठेवलंय. शेवटी मीच एक रिकामा डबा घेतला, त्याला लाल चिकटपट्टी लावली आणि अँप्युल कपाटात कुलूपबंद केल्या. परवानगी घेतली नाही. त्याचा मेमो आला नाही, कारण वर कुणाच्या लक्षातच आलं नाही!

मेमोवर भागलं हेही नशीबच म्हणायचं. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये २००९ साली दोन परिचारिकांनी एका डॉक्टरबद्दल तिथल्या वैद्यकीय मंडळाला निनावी पत्र लिहिलं. डॉक्टरच्या ओळखीच्या शेरीफनं, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखानं, त्यांना हुडकून काढलं. नोकरी तर गेलीच, वर फौजदारी खटला. त्यातल्या एकीला २०१० मध्ये ज्यूरीनं तासाभराच्या आत निर्दोष सोडलं. ऑस्ट्रेलियात बंडाबर्गच्या अतिदक्षता विभागातल्या टोनी हॉफमन एका सर्जनबद्दल वरिष्ठांना दोन वर्षं सांगत राहिल्या. २००५ मध्ये त्या लोकप्रतिनिधीकडे गेल्या, तेव्हा कुठे सरकारी चौकशी बसली.

सगळ्याच तक्रारी खऱ्या असतात असं मी म्हणत नाही. ड्यूटी लिस्टवरून बिनसलं म्हणून दुसरीविरुद्ध कागद लिहिणाऱ्याही मी पाहिल्यात. पण त्या ओळखायला अर्धा दिवस पुरतो. त्यांच्या नावाखाली बाकीचे कागद फाइलमध्ये दडपायचे हे बरोबर नाही. जिच्या हातात आमचा गोपनीय अहवाल, तिच्याच टेबलावर आमची तक्रार, ही पद्धत आधी बदला. कागद अशा माणसाकडे जावा ज्याला आम्हाला मेमो देता येत नाही. त्यानं पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ हा विचारू नये, ‘काय कुठे ठेवलं होतं?’ हे विचारावं. आणि काय बदललं ते वॉर्डच्या बोर्डावर लावावं. माझी मागणी एवढीच, आणि याला फार खर्चही येत नाही.

ती मुलगी वर्षभरात दुसरीकडे गेली. आता तीही कुठेतरी सिनियर झाली असेल. पहाटे चारला फुटकी अँप्युल घेऊन तिच्यासमोर कुणी उभी राहिली, तर ती काय सांगेल? नाइटला असं काही झालं तर काय करायचं, हे तिला पहिल्यांदा मी शिकवलं होतं.

— एक निवृत्त परिचारिका

(कृपया नाव छापू नये. माझं आता काही बिघडणार नाही, पण माझ्याबरोबर काम केलेल्या मुली अजून तिथंच ड्यूटीवर आहेत.)