इंग्रजी शब्दकोडे छापताना नियमही छापा

संपादक महोदय,

‘ए, ई, एल, आर, टी ही अक्षरे असलेला पाच अक्षरी इंग्रजी शब्द शोधा’ या धर्तीची कोडी पुरवण्यांमध्ये छापली जातात आणि पुढच्या अंकात उत्तर म्हणून एकच शब्द येतो. या पाच अक्षरांतून अलर्ट, ऑल्टर आणि लेटर (‘नंतर’ या अर्थाचा, पत्राच्या लेटरला सहा अक्षरे लागतात) असे तीन रोजच्या वापरातले शब्द होतात. रेटल नावाचा प्राणी धरला तर चार. मग तीन जणांची बरोबर उत्तरे चूक का ठरावीत?

गोंधळ ‘अक्षरे असलेला’ या मोघम शब्दांत आहे. त्यात तीन निरनिराळे प्रश्न लपतात. हीच अक्षरे आणि एवढीच, हा पहिला. ही हवीतच, बाकीची कोणतीही चालतील, हा दुसरा. अमुक अक्षर अमुक घरातच हवे, हा तिसरा. प्रत्येकाची सोडवण्याची रीत वेगळी आहे. प्रश्न कोणता तेच कळले नाही, तर सोडवणारा चुकीच्या वाटेने शोधत बसतो.

पहिल्या प्रकारात पाच वेगळ्या अक्षरांच्या १२० मांडण्या होतात. एखादे अक्षर दोनदा असेल तर ६०. सात वेगळी अक्षरे असली की आकडा ५,०४० वर जातो. इतक्या मांडण्या कुणी लिहून पाहत नाही. अक्षरे ओळीत न लिहिता वर्तुळात लिहावीत, म्हणजे छापलेला क्रम डोळ्यांवरून उतरतो. मग शेपट्या बाजूला काढाव्यात: आयएनजी, ईडी, ईआर, ईएसटी. सातांतली आय, एन, जी वेगळी ठेवली की चार उरतात आणि चारांच्या मांडण्या फक्त २४. मात्र उरलेला तुकडा स्वतंत्र शब्द असेलच असे नाही. मेकिंगमधून शेपटी काढली की एम, ए, के एवढेच उरते, कारण मेकचा शेवटचा ई गळालेला असतो. उलट रनिंगला एन तीन लागतात. दोनच हाती असतील तर तो शब्द होत नाही.

दुसऱ्या प्रकारात सुरुवात नेहमी अवघड अक्षरापासून करावी. ई आणि ए जवळजवळ कुठेही बसतात, त्यामुळे ते काहीच सांगत नाहीत. क्यूनंतर बहुधा यू येतो, म्हणजे एका अक्षरात दोन घरे भरतात. व्ही शब्दाच्या शेवटी सहसा येत नाही. त्याच्यानंतर ई लागतो. जे तर शेवटी जवळपास नाहीच. सीके ही जोडी शब्दाच्या सुरुवातीला येत नाही. स्वर एकही दिसत नसेल तर वाय शोधावा: क्रिप्ट, निम्फ, लिंच हे पाच अक्षरी, रिदम सहा अक्षरी. अपवाद आहेतच. निकाब आणि फकीर हे शब्द स्क्रॅबलच्या याद्यांत क्यू घालून, पण यू न घालता आहेत, आणि दोन्ही नेमके पाच अक्षरी.

मराठी कानाची एक अडचण इथे सांगायला हवी. आपण शब्द आवाजाने आठवतो आणि घरे मात्र स्पेलिंगची मोजायची असतात. देवनागरीत दोन अक्षरांत मावणारा थम (अंगठा) इंग्रजीत पाच घरे घेतो: टी, एच, यू, एम, बी. नाइफचा के आणि रिस्टचा डब्ल्यू ऐकूच येत नाहीत. म्हणून यादीत के आणि एन एकत्र दिसले, किंवा डब्ल्यू आणि आर, किंवा एम आणि बी, की मुक्या अक्षराची शक्यता आधी तपासावी.

तिसरा प्रकार सोपा वाटतो आणि तिथेच लोक अडकतात. वर्डल या ऑनलाइन खेळात पाच अक्षरी शब्द सहा संधींत ओळखायचा असतो, आणि प्रत्येक प्रयत्नात जुळलेली अक्षरे रंगतात, न जुळलेली करडी राहतात. त्यात शेवटची चार घरे आय, जी, एच, टी अशी जुळली की उत्तर हाती आले असे वाटते. प्रत्यक्षात फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट असे निदान सात शब्द शिल्लक असतात आणि एकेक करून पाहिले तर सहा संधी पुरत नाहीत. अशा वेळी उत्तर नसलेलाच शब्द मुद्दाम टाकावा. फिल्म्समध्ये एफ, एल, एम आणि एस चारही एका फटक्यात तपासले जातात. खेळाच्या हार्ड मोड या कठीण प्रकारात ही सोय नाही, कारण तिथे मिळालेली अक्षरे पुढच्या प्रयत्नात वापरावीच लागतात. दुसरी फसगत दोनदा येणाऱ्या अक्षरांची: दोन ई असलेला शब्द टाकला आणि एक ई रंगला, दुसरा करडा राहिला, तर उत्तरात ई नाही असे नव्हे, ई एकच आहे.

संगणकावर यादी चाळणाऱ्यांसाठीही थोडे. एक्सेलच्या फिल्टरमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर, तारा म्हणजे कितीही; पाच प्रश्नचिन्हे ‘इक्वल्स’मध्ये दिली की पाच अक्षरी शब्द उरतात. ‘ई आहे का’ हे दोनदा विचारल्याने दोन ई असलेले शब्द मिळत नाहीत. त्यासाठी तारा, ई, तारा, ई, तारा असा नमुना द्यावा लागतो. ग्रेप या लिनक्सवरच्या मजकूर शोधण्याच्या आज्ञेत एका अक्षरासाठी टिंब असते, पण ओळीच्या आरंभाची आणि शेवटाची खूण विसरली की लांब शब्दांचाही ढीग येतो. विंडोजवर साठवलेली फाइल लिनक्सवर चालवली तर ओळीच्या शेवटचे अदृश्य चिन्हही मोजले जाते, आणि पाच अक्षरी शब्द सहाचा ठरून गळतो. यादीतली विशेषनामे आणि अपॉस्ट्रॉफी असलेले शब्द आधीच काढून टाकावेत.

तेव्हा विनंती अशी, की कोड्याखाली दोन ओळी अधिक छापाव्यात. दिलेलीच अक्षरे वापरायची की इतरही चालतील? दिलेले अक्षर पुन्हा वापरता येते का? एस लावून केलेली अनेकवचने ग्राह्य आहेत का? आणि स्पेलिंग ब्रिटिश की अमेरिकन? हा शेवटचा प्रश्न किरकोळ नाही. कलर ब्रिटिश पद्धतीने सहा अक्षरी, अमेरिकन पद्धतीने पाच. फायबर दोन्हीकडे पाचच अक्षरी, पण शेवटच्या ई आणि आरची अदलाबदल होते, म्हणजे उभ्या-आडव्या चौकटीत त्याला छेदणारा शब्दही बिघडतो. कोणता शब्दकोश प्रमाण मानला आहे, त्याचे नाव दिले तर उत्तम. आणि एकापेक्षा जास्त शब्द बसत असतील, तर पुढच्या अंकात ते सगळे छापावेत.

कळावे,
शब्दकोडी नियमित सोडवणारे काही वाचक