युद्ध आणि शिध्याची रांग

मा. संपादक,

स. न. वि. वि.

७ मे २०२५ रोजी देशभर नागरी संरक्षणाची रंगीत तालीम झाली. ठिकठिकाणी भोंगे वाजले, काही शहरांत दिवे मालवले गेले, आणि युद्धकाळात नागरिकांनी काय करावे याची बरीच माहिती छापून आली. ती उपयुक्तच होती. मात्र तिचा सारा भर भोंगा, आडोसा आणि प्रथमोपचार यांवर होता. युद्ध लांबले तर घरात धान्य कोठून येणार आणि कोणाच्या वाट्याला किती येणार, याविषयी मला कोठे फारसे वाचायला मिळाले नाही. मी शिधावाटप कार्यालयात तीस वर्षे नोकरी केली आहे आणि माझ्या आजीने दुसऱ्या महायुद्धाची सगळी वर्षे गिरगावातल्या एका चाळीत काढली होती. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मार्च १९४२ मध्ये रंगून जपानच्या हाती पडले आणि ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला. तोपर्यंत दरवर्षी दहा लाख टनांहून अधिक तांदूळ तिकडून आपल्याकडे येत असे. त्या सुमारास बॉम्ब पडतील या भीतीने मुंबईतली कितीतरी कुटुंबे बिऱ्हाड आवरून गावी गेली होती. आजीच्या मजल्यावरच्याही काही खोल्यांना कुलपे लागली होती. ती स्वतः मात्र गेली नाही, कारण आजोबा गिरणीत होते आणि लढाईच्या कापडासाठी गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या. ती नेहमी सांगे, की बॉम्बची भीती आठ-पंधरा दिवसांत अंगवळणी पडली, पण तांदळाच्या डब्याचा तळ दिसू लागला ती भीती कधीच अंगवळणी पडली नाही.

लढाई घरात शिरते ती अशी. खिडक्यांना काळे कागद लागतात ते सर्वांना दिसते, पण बाकीचे बदल हळूहळू येतात. चांदीच्या रुपयातली चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आली आणि एक रुपयाची कागदी नोट परत दिसू लागली. तांबे वाचवण्यासाठी १९४३ मध्ये भोकाचा पैसा निघाला. माझ्या वडिलांच्या करदोट्यात तसा एक पैसा ओवलेला असे. सप्टेंबर १९४२ पासून तीन वर्षांहून अधिक काळ घड्याळे तासभर पुढे होती, त्यामुळे चाळीत कोणी वेळ सांगितली की ‘नवा टाइम की जुना?’ असे विचारावे लागे. घरची माणसे फौजेत गेलेल्या साताऱ्याकडच्या गावांत तर पोस्टमन दुरून दिसला तरी बायकांच्या छातीत धस्स होत असे, कारण मनीऑर्डर आणणारा तोच आणि तार आणणाराही तोच.

२ मे १९४३ रोजी मुंबईत रेशनिंग सुरू झाले. असे करणारे हे देशातले पहिले मोठे शहर. पुरवठ्याची जबाबदारी आ. दि. गोरवाला या सनदी अधिकाऱ्याकडे होती. माझ्या मते या व्यवस्थेचे खरे बळ एकाच गोष्टीत होते : कार्ड सर्वांना होते. मलबार हिलच्या बंगल्यालाही होते आणि परळच्या दहा बाय बाराच्या खोलीलाही होते. घरोघरी जाऊन माणसे मोजायची, त्या मोजणीवर दुकाने ठरवायची, दुकानांच्या गरजेवर गोदामे ठरवायची आणि गोदामांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून धान्य उचलायचे, असा हा उलट्या टोकाने बांधलेला हिशेब होता. या खात्यात काम केलेल्या कोणालाही विचारा, पहिली पायरी कच्ची राहिली की पुढची एकही उभी राहत नाही.

कलकत्त्यात हेच रेशनिंग सुरू व्हायला ३१ जानेवारी १९४४ उजाडला. तोवर बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून आणि त्यापाठोपाठ आलेल्या रोगांनी मेली होती. सरकारी चौकशी आयोगाने हा आकडा सुमारे पंधरा लाख धरला, तर पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. तिथली कारणे पुष्कळ होती : किनारपट्टीवरच्या होड्या सरकारनेच काढून घेतल्या, १९४२ च्या ऑक्टोबरात चक्रीवादळ आले, साठेबाजी झाली. मुंबईसारखे कार्ड वेळेवर आले असते तर सगळे वाचले असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण धान्य कमी असणे आणि ते वाटण्याची व्यवस्थाच नसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे मी तीस वर्षांच्या कामावरून निश्चित सांगू शकते.

मुंबईतही सुख नव्हते. काळा बाजार होता, धान्यात खडे होते, रांगेत भांडणे होती. जन्मभर तांदूळ आणि नाचणीवर वाढलेल्या आजीच्या पिशवीत बाजरी पडली तेव्हा तिला भाकरी थापता येईना. पीठ ऊन पाण्यात मळून रगडावे लागते, नाहीतर कडा फाटतात, हे तिला शेजारच्या जुन्नरच्या बाईने शिकवले. १४ एप्रिल १९४४ ला दुपारी चारच्या सुमारास गोदीत दारूगोळ्याच्या बोटीचा स्फोट झाला, तेव्हा तिच्या फळीवरची भांडी खाली आली. गोदीलगतची धान्याची कोठारे जळाली, शेकडो माणसे गेली, आणि सेन्सॉरमुळे धड बातमीही छापता येईना. आजी सांगत असे, की चाळीत त्या रात्री पहिला प्रश्न होता तो उद्या दुकान उघडेल का, हा.

तिचे एक मूल त्याच पावसाळ्यात आठ महिन्यांचे होऊन गेले. सुतक फिटल्यावर ती स्वतः कार्ड घेऊन कचेरीत गेली आणि त्याचे नाव कमी करून आली. कोणी विचारायला आले नव्हते, तिला कोणी सांगितलेही नव्हते. नोकरीच्या पहिल्या दिवशी तिने मला ही गोष्ट सांगितली होती, आणि ज्या यंत्रणेकडे लोक अशा विश्वासाने येतात तिथे बसून नोंदी करणे म्हणजे काय, हे मला त्या दिवशी समजले.

माझ्या दोन विनंत्या आहेत. जिल्हा प्रशासनाने नागरी संरक्षणाच्या पुढच्या तालमीत भोंग्याबरोबर धान्यपुरवठ्याचीही तालीम घ्यावी, म्हणजे रस्ता, रेल्वे किंवा वीज बंद पडली तर कोणत्या गोदामातून कोणत्या दुकानाला माल जाईल, आणि ज्यांचे कार्ड दुसऱ्या राज्यात आहे अशा मजुरांना तो कसा मिळेल, हे आधीच ठरवून जाहीर करावे. दुसरी विनंती आपल्याला आहे. १९४३ ची रांग पाहिलेली माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या आठवणी आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा तरी छापाव्यात. आजीचे ते कार्ड माझ्याकडे आहे; कागद पिवळा पडला आहे, पण खोडलेल्या नावावरची कचेरीची सही अजून वाचता येते. आपण सदर सुरू केल्यास छायाचित्रासाठी मी ते घेऊन येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त कर्मचारी, ठाणे