जुनी पिकअप घेताना आधी खाली वाका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आंबिया बहाराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात उतरू लागली, की जुन्या पिकअपच्या, म्हणजे छोट्या मालवाहू गाड्यांच्या, चौकशा वाढतात. काटोल-नरखेडचे बागायतदार, इतवारीतले छोटे व्यापारी, हिंगणा-बुटीबोरीच्या कारखान्यांना माल पोचवून पोट भरू पाहणारी पोरे, सगळ्यांना गाडी नेमकी तेव्हाच हवी असते. सौदा घाईत होतो आणि पाहिले काय जाते? रंग, टायर आणि मीटर. या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याला दोन दिवसांत बदलून मिळतात. इंजिन बांधता येते, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो, पण थकलेली चेसिस, म्हणजे गाडीची पोलादी चौकट (मिस्त्री तिला 'चासी' म्हणतात), पुन्हा नवी होत नाही. तपासणी तिथून सुरू करावी, एवढ्यासाठी हे पत्र.

२००५ साली टाटा एस आली आणि तिला 'छोटा हत्ती' हे नाव चिकटले. नावातला हत्ती लोकांनी जरा जास्तच मनावर घेतला. मूळच्या गाडीची क्षमता ७५० किलो. त्यावर दीड टन रेती किंवा विटा लादलेल्या गाड्या रोज दिसतात. हा भार चासीवर दोन ठिकाणी उमटतो. एक, केबिन संपून हौदा सुरू होतो तिथे. दुसरे, मागच्या पाट्यांचा (पट्ट्यांच्या स्प्रिंगचा) पुढचा हँगर चासीला जोडलेला असतो तिथे. टॉर्च घेऊन खाली झोपा आणि या जागा दोन्ही बाजूंनी पाहा. केसाएवढी रेघ, रिबेटभोवती गंजाची तांबूस धार किंवा वेल्डिंगने मारलेली पट्टी दिसली तर गाडी सोडून द्या. पट्टी मारली म्हणजे काम पक्के झाले, हा समज चुकीचा आहे. वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचे पोलाद कडक आणि ठिसूळ होते, पट्टीचा भाग ताठ राहतो आणि सगळा ताण पट्टीच्या कडेला जमतो. पुढची चीर तिथूनच फुटते. बाकी गाडी धुळीने माखलेली आणि चासीला मात्र ताजा काळा रंग असेल, तर तो कुठे जास्त जाड आहे ते आधी पाहा.

चासी वाकली आहे का, हे दोरीने कळते. पुढच्या डाव्या हँगरच्या पिनपासून मागच्या उजव्या हँगरच्या पिनपर्यंत दोरी ताणून माप घ्या, मग उलट्या तिरक्या बाजूने घ्या. गाडी सपाट जागी हवी. दोन मापांत पाच-सहा मिमीपेक्षा जास्त फरक पडला, तर चासी तिरकी झाली आहे. अशी गाडी सरळ रस्त्यावर कुत्र्यासारखी आडवी चालते आणि टायर खाते.

त्यानंतर पाटे. दोन्ही बाजूंचे पाटे मोजा आणि त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीशी ताडून पाहा. जादा पाटा टाकलेला असला की यू-बोल्ट लांब असतात, एखाद्या पाट्याचा रंग वा जाडी वेगळी असते आणि रिकामी गाडी मागून उचललेली दिसते. विकणारा हे कौतुकाने सांगतो, 'मजबूत केली आहे.' प्रत्यक्षात पाटा वाढला तरी एक्सल, बेअरिंग, ब्रेक आणि चासी तेवढ्याच ताकदीची राहते. शिवाय बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या एक्सलजवळ लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. एक्सल आणि चासी यांच्यातले अंतर पाहून तो मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यामुळे भरलेली गाडीही खाली बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते आणि तो मागचा ब्रेक कमी देतो. सगळे काम पुढच्या चाकांवर पडते, पुढचे पॅड तापतात आणि नेमकी भरलेली गाडी थांबत नाही. या व्हॉल्व्हची दांडी जागेवर आहे का, की तारेने बांधून ठेवली आहे, हे अवश्य पाहावे. पाहणारे फार थोडे.

हौदा, म्हणजे आपल्याकडचा डाला, गाडीचा पूर्वेतिहास सांगतो. फाळक्याजवळची फरशी खोल चेपलेली आणि घासून चकचकीत झाली असेल तर रेती-गिट्टी वाहिली आहे. गोल गोल चेपा म्हणजे सिलिंडर किंवा ड्रम. फरशी वरून बरी पण खालच्या आडव्या पट्ट्या पापुद्रे सुटून गंजलेल्या, म्हणजे मासळी, बर्फ किंवा ओली भाजी. छोट्या हातोडीने ठोकून पाहा. शाबूत पोलाद खणकन वाजते, सडलेले बद्द आवाज देते. हौदा मागे वाढवला असेल तर तो आरसीतल्या (नोंदणी प्रमाणपत्रातल्या) मापाशी जुळत नाही, फिटनेसला (आरटीओच्या योग्यता तपासणीला) अडतो आणि भार मागे गेल्याने स्टेअरिंग हलके पडते.

आता इंजिन. आम्ही पोचण्यापूर्वी गाडी सुरू करू नका असे विकणाऱ्याला आधीच बजावावे आणि गेल्याबरोबर इंजिनाला हात लावून ते गार असल्याची खात्री करावी. टाटा एसमध्ये इंजिन सीटखाली आहे, सीट उचलायला लाजू नये. गार इंजिन सुरू करताना मागे एक माणूस उभा करा. क्षणभर आलेला धूर चालतो. निळसर धूर टिकला तर ऑइल जळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर हेड गॅस्केट किंवा इंजेक्टर. चढावर काळा धूर आला तर एअर फिल्टर, टर्बोचा पाइप किंवा डिझेलचा पुरवठा बिघडलेला.

नागपूरच्या हवामानाची इथे एक गोम आहे. एप्रिल-मे महिन्यांत पहाटेसुद्धा हवा इतकी गरम असते की ढिले कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) आणि मेलेले हीटर प्लग (गार इंजिन सुरू होताना आत ऊब देणारे) असूनही जुने डिझेल इंजिन पहिल्या सेल्फला उठते. तेच डिसेंबरच्या थंडीत अर्धा तास घरघरते. त्यामुळे उन्हाळ्यात गाडी घेत असाल तर हीटर प्लग एकेक काढून तपासून घ्या आणि दाबाची परीक्षा वेगळी करा: इंजिन रिकामे चालू ठेवून ऑइलचे झाकण उघडा आणि तोंडावर उलटे ठेवा. झाकण थोडे थरथरले तर ठीक. उडून पडले किंवा तिथून भकाभका धूर आला तर रिंगा आणि लायनर गेले, इंजिन बांधावे लागणार.

थंडीत घेणाऱ्याला उलटा धोका आहे, तापण्याचा. ४५ अंशांच्या उन्हात वर्धा रोडवर भरलेली गाडी तापू लागली की काही मिस्त्री थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडचे पाणी अडवणारी झडप) काढून फेकतात. तेवढ्यापुरता आराम पडतो, पण अर्धवट चोंदलेला रेडिएटर किंवा घसरणारा फॅनबेल्ट तसाच राहतो. शिवाय थंडीत इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल जास्त जाते आणि ऑइल खराब होते. ओळखायचे कसे? गार इंजिन सुरू करून रेडिएटरच्या वरच्या होज पाइपवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर पाइप काही मिनिटे गार राहतो आणि मग एकदम तापतो. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट नाही किंवा उघडा अडकला आहे. रेडिएटरचे झाकण गार असतानाच उघडावे. आत कूलंटऐवजी गढूळ तांबडे पाणी असेल तर आतल्या नळ्या चोंदलेल्या धरा. इंजिन चालू असताना बुडबुडे येतच राहिले तर हेड गॅस्केट.

बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या निकषाच्या) गाडीत किल्ली फिरवल्यावर इंजिनचा पिवळा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर बिघाड दुरुस्त झालेला नाही, दिवाच काढला आहे. स्कॅनर लावल्याशिवाय अशी गाडी घेऊ नये.

नागपूरकरांनी आणखी एक तपास करावा. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. त्या नंतर कुठे ना कुठे विकल्या गेल्याच. धुऊन-पुसून सीट नवी दिसते, पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढला की शेवटच्या हातभर पट्टीवर चिखलाची रेघ राहते. फ्यूजबॉक्सच्या पिना हिरव्या पडतात, हेडलाइटच्या आत गाळाचा थर बसतो. खात्रीची खूण डिफरेन्शियलमध्ये (मागच्या एक्सलमधल्या गिअरच्या पेटीत): भरायचा बोल्ट खोलून बोट बुडवा, तेल दुधाळ चहासारखे निघाले तर पाणी शिरले होते. गिअरबॉक्सचेही तसेच.

पुढचे चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवा. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर चाकाचे बेअरिंग, राहिला तर किंगपिन किंवा बॉलजॉइंट. आडवे धरून हलवल्यावर खेळ असेल तर टायरॉड. मागच्या ड्रमच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ म्हणजे हबची सील फुटली, तिथला ब्रेक निकामी. टायरवरच्या 'DOT' क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी पाच-सहा वर्षांच्या टायरची किंमत धरू नका.

रिकामी गाडी चालवून बघणे म्हणजे काहीच न बघणे. विकणाऱ्याला सांगून हौद्यात सिमेंटच्या दहा गोण्या टाका, ५०० किलो झाले. बोलेरो पिकअपसारख्या मोठ्या गाडीत वीस. आणि सेमिनरी हिल्सचा चढ चढवा. तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिन ओरडले पण वेग वाढला नाही तर क्लच घसरतो. उतारावर पाय सोडल्यावर गिअर आपोआप निघाला तर गिअरबॉक्स खोलावा लागेल. पाय दाबताना मागून एक सूर आणि सोडताना दुसरा सूर येत असेल तर क्राउन-पिनियन झिजले. अशी भरलेली गाडी चालवू द्यायला विकणाऱ्याने नकार दिला तर त्याचे कारण आपण समजून घ्यावे.

मीटरवर भांडू नये, हिशेब करावा. भाड्याची गाडी दिवसाला ८० किमी आणि वर्षाला ३०० दिवस धरली तरी २४ हजार होतात. सहा वर्षांत १ लाख ४४ हजार. मीटर ५५ हजार दाखवत असेल आणि क्लच पेडलचे रबर गुळगुळीत असेल, तर पेडल खरे बोलते आहे.

सीएनजी गाडी असेल तर टाकीची तपासणी दर तीन वर्षांनी व्हावी लागते. तारीख टाकीच्या पाटीवर पाहा, आणि किट नंतर बसवलेले असेल तर त्याची नोंद आरसीत आहे का तेही.

कागदांचे थोडक्यात. चासीवर ठोकलेला क्रमांक स्वतः घासून वाचा आणि आरसीशी अक्षर न् अक्षर जुळवा. फिटनेसची मुदत पाहा: आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. मात्र फिटनेस आहे म्हणजे गाडी ठणठणीत, असे नव्हे. त्या दिवशी दिवे, ब्रेक आणि धूर चालला एवढाच त्याचा अर्थ. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही, पण बोलेरो पिकअपच्या जास्त क्षमतेच्या काही मॉडेलांचे वजन त्यापुढे जाते. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा) आणि बँकेचे ना-हरकत पत्र हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. छिंदवाडा, शिवनी किंवा राजनांदगावकडची गाडी स्वस्त दिसते, पण फॉर्म २८ ची एनओसी (तिकडच्या आरटीओचे ना-हरकत पत्र), इथला कर आणि नवा क्रमांक धरला की फरक बराच आटतो. थकलेले ई-चलन आणि पर्यावरण कर सौद्याआधी भरून घ्या. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करा. नो-क्लेम बोनस मात्र विकणाऱ्याचा, तो तुम्हाला मिळत नाही.

सगळ्यात वाईट सवय मालकी बदलाच्या कोऱ्या फॉर्म २९-३० वर सही घेऊन गाडी हातोहात फिरवण्याची. आरसीवर ज्याचे नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडूनच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. विकणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात घेताना फॉर्म २९सी ची सूचना द्यावी लागते. शहर, पूर्व आणि ग्रामीण, म्हणजे एमएच-३१, ४९ आणि ४० या तिन्ही आरटीओंनी अधिकारपत्र असलेल्या डीलरांची यादी कार्यालयाच्या दारावर मराठीत लावावी आणि आपल्या वृत्तपत्रानेही ती छापावी, ही विनंती.

आपला,
वाहनदुरुस्ती व्यवसायातील एक वाचक
वाडी, नागपूर