करार झाला म्हणजे मेजर लीग गाठली असे नव्हे

महोदय,

भारतातल्या एखाद्या मुलाने अमेरिकेतल्या बेसबॉल क्लबशी करार केला की ‘मेजर लीगमध्ये निवड’ असा मथळा ठोकून द्यायची सवय क्रीडापानांना लागली आहे. निवड झालेली असते मेजरखालच्या, खेळाडू घडवणाऱ्या मायनर लीगसाठी, तीही बहुधा तळाच्या पायरीवर. नोव्हेंबर २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सने रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन पिचरना, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्यांना, करारबद्ध केले. २००९ मध्ये ते उतरले फ्लोरिडातल्या नवोदितांच्या गल्फ कोस्ट लीगमध्ये. दिनेशला क्लबने २०१० अखेर मोकळे केले. डावखुरा रिंकू २०१२ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया पॉवर या सिंगल ए दर्जाच्या संघापर्यंत चढला, मग कोपर गेले, शस्त्रक्रिया झाली. २०१८ मध्ये त्याने डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीची वाट धरली. वरची डबल ए पायरी त्यालाही दिसली नाही. तरी ही कामगिरी लहान मानू नये, कारण तोवर त्याने बेसबॉल हातात घेऊन जेमतेम चार-पाच वर्षे झाली होती.

आज शिडी अशी आहे: खाली फ्लोरिडा आणि ॲरिझोनातल्या कॉम्प्लेक्स लीग, म्हणजे क्लबांच्या सराव-केंद्रांवरच्या नवोदितांच्या लीग, वर सिंगल ए, हाय ए, डबल ए, ट्रिपल ए. २०२१ च्या फेररचनेनंतर या वरच्या चार पायऱ्यांवर १२० संघ उरले, म्हणजे मेजरच्या ३० क्लबांना प्रत्येकी चार. मेजर क्लबच्या खेळत्या २६ जणांत पिचर जास्तीत जास्त १३. पगारातली दरी तर याहून खोल. २०२३ चा कामगार करार होईपर्यंत डबल एच्या खेळाडूला वर्षाला किमान १३,८०० डॉलर मिळत. त्या कराराने ते ३०,२५० झाले, ट्रिपल एला ३५,८००, कॉम्प्लेक्स लीगला १९,८००. त्याच वर्षी मेजरचे किमान वेतन होते ७,२०,०००. बातमीत झळकणारी मोठी रक्कम असते ती सहीच्या वेळी एकदाच मिळणारा बोनस. पुढची वर्षे ढकलायची असतात या पगारावर.

‘आपल्या वेगवान गोलंदाजांना तिकडे पाठवा’ हेही अधूनमधून वाचायला मिळते. क्रिकेटमध्ये चेंडू टाकताना कोपर १५ अंशांपेक्षा जास्त सरळ होता कामा नये. पिचरचा वेग येतो तो नेमका वाकवलेले कोपर झटक्यात सरळ करण्यातून. शिवाय त्याला गोलंदाजासारखे धावत येता येत नाही. माउंडवरच्या, म्हणजे मैदानातल्या मातीच्या उंचवट्यावरच्या, रबरी पट्टीला पाय टेकून १८.४४ मीटरवर टप्पा न पडता फेकायचे असते. रिंकू आणि दिनेश दोघेही भालाफेकपटू होते, हा योगायोग नव्हे.

नुसता वेगही पुरत नाही. मेजरमध्ये फास्टबॉलची सरासरी ताशी १५० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि तसा फेकणारे खालच्या लीगमध्येही पैशाला पासरी मिळतात. मुले अडकतात ती चेंजअपवर, म्हणजे फसव्या हळू चेंडूवर. हा चेंडू तळहातात खोल धरतात. हात मात्र फास्टबॉलच्याच वेगाने फिरवायचा, म्हणजे चेंडू १३ ते १६ किलोमीटरने हळू जातो आणि फलंदाज आधीच बॅट फिरवून बसतो. नवखा पिचर चेंडू हळू टाकायचा म्हणून हातच हळू करतो. फलंदाजाला ते खांद्यावरूनच कळते. फास्टबॉल आणि वळणारा चेंडू यांच्या जोडीला असा तिसरा भरवशाचा चेंडू नसला तर तेच फलंदाज दुसऱ्या-तिसऱ्यांदा समोर आले की धुलाई होते, आणि क्लब त्या मुलाला सुरुवातीचा पिचर म्हणून न ठेवता एक-दोन डावांपुरता रिलीव्हर करून टाकतो.

मायनरमध्ये मंगळवार ते रविवार सहा सामने, सोमवारी सुट्टी. त्यामुळे सुरुवातीचा पिचर बऱ्याचदा आठवड्यातून एकदाच खेळतो. मधल्या दिवसांत पळणे, ताणायच्या रबरी पट्ट्यांचे व्यायाम, आणि एखाद्या दिवशी माउंडवरून पंचवीस-तीस चेंडू. थकवा आला की कोपर खांद्याच्या रेषेखाली घसरते, चेंडू वर राहू लागतो. हाताच्या पुढच्या भागात ताठरपणा जाणवला की थांबायचे. पण जागा जाईल या भीतीने मुले तो लपवतात, आणि तिथेच कोपराच्या आतला अस्थिबंध फाटतो. तो दुरुस्त करण्याच्या ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रियेत रुग्णाच्याच मनगटातला किंवा मांडीमागचा कंडरा घेऊन, हाडात भोके पाडून, तो कंडरा तिथे ओवतात. सामन्यात परतायला १२ ते १८ महिने लागतात. विशीतल्या पिचरचे दीड वर्ष म्हणजे दोन हंगामांवर पाणी.

ट्रिपल ए गाठले तरी जीव भांड्यात पडत नाही. मेजर क्लबच्या राखीव धरून ४० जणांच्या मोठ्या यादीत नाव लागल्यावर साधारणपणे तीन हंगाम त्याला खालीवर हलवता येते, एका हंगामात जास्तीत जास्त पाच वेळा. खाली धाडलेला पिचर, कुणी जखमी झाल्याखेरीज, १५ दिवस परत बोलावता येत नाही.

तेव्हा अशी बातमी देताना पायरी कोणती, बोनस किती आणि करार किती हंगामांचा, एवढे तरी छापावे. पालकांनी सहीआधी आणखी एक गोष्ट पाहावी: कॉलेजच्या शिक्षणाचा खर्च क्लबने उचलण्याचे कलम करारात घालून घेता येते. बोनसच्या वाटाघाटीतच ते मागावे लागते. सही झाल्यावर कुणी दारात उभे करत नाही.

— एक बेसबॉल प्रशिक्षक, पुणे