नाना, हरण्याला दुडकी शिकवलीत म्हणून

प्रिय नाना,

नमस्कार, आणि माईंनाही नमस्कार सांगा.

हे पत्र फक्त तुम्हाला पाठवलं असतं तर तुम्ही नेहमीसारखं "बरं बरं, हरण्या जेवला का" म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. तुमच्या नातीला सांगून ठेवलंय की पूर्ण वाचून दाखव, मधे उठू देऊ नको.

झालं असं की काल सकाळी मेहरूण तलावावर एक कॉलेजचा पोरगा भेटला, बाईकला दोरी बांधून कारवानी कुत्र्याचं पिल्लू पळवत होता, सात महिन्यांचं, जीभ पार बाहेर आलेली. मी हरण्याला, म्हणजे माझ्या ग्रेहाउंड कुत्र्याला, घेऊन थांबले आणि त्याला म्हटलं दादा, दीड वर्षाचं होईस्तोवर पळवू नको, हाडं अजून वाढताहेत त्याची, तुला घाई आहे, त्याला नाही. म्हटलं आणि एकदम लक्षात आलं की हे वाक्य माझं नाहीच, हे तुमचं आहे. "पोरी, तुले घाई शे, त्याले नही." त्या पोराने दोरी सोडली, पिल्लाला चालवत घरी नेलं, आणि मी घरी येऊन आंघोळीच्या आधी हे लिहायला बसले.

तुम्हाला सगळं माहितीये, पण वाचणाऱ्यांसाठी सुरुवातीपासून सांगते. 2024 च्या जानेवारीत माझा भाऊ सुट्टीवर आला, तो फौजेत आहे, पोस्टिंग पंजाबला, तिकडे गावोगावी ग्रेहाउंडच्या शर्यती लागतात आणि एका घरी हा शर्यतीतून बाद झालेला कुत्रा नुसता बांधून ठेवलेला होता, तो ह्याने मागून आणला. रंग हरणासारखा म्हणून नाव हरण्या. तीन वर्षांचा, वजन 31 किलो, एक एक बरगडी मोजून घ्यावी असा, आणि स्वभावाने इतका गरीब की पहिले आठ दिवस स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नाही. त्याच महिन्यात माझा शुगरचा रिपोर्ट बॉर्डरवर आलेला, एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 6.3, डॉक्टर म्हणाले चाला, पळा, काहीतरी करा. मला वाटलं देवानेच जोडी लावून दिली, मला पळायचंय आणि हा तर जन्मजात पळणारा, ह्याला काय शिकवायचंय, माझीच दमछाक होईल फार तर.

मार्चमध्ये त्याला घेऊन निघाले ते थेट चार किलोमीटर. डांबरी रस्ता, निघायलाच आठ वाजलेले, जळगावचा मार्च, आपल्याकडे तेव्हाच ऊन चटके द्यायला लागतं. पहिले पाच मिनिट तो मला ओढत होता, नंतर मी त्याला ओढायला लागले, आणि तलावाच्या वळणावर तो आडवाच झाला. मागचे पाय थरथरत होते, पंजाच्या गाद्यांची साल निघालेली, खाली गुलाबी मांस दिसत होतं. आणि मी, आज सांगताना पोटात कालवतं नाना, मी पट्टा ओढून "ऊठ ना रे" म्हणत होते.

तेव्हा तुम्ही आलात. मी तुम्हाला ओळखतही नव्हते, रोज टोपी घालून उलट्या दिशेने फेरी मारणारे एक आजोबा एवढंच माहिती. काही न विचारता तुम्ही त्याला उचलून कडुनिंबाखाली ठेवलं आणि तलावाच्या पाण्याने तुमची टोपी भिजवून भिजवून त्याच्या पोटावर, जांघेत, पायांवर पिळत राहिलात. मी माझी ओढणी ओली करून त्याच्या अंगावर गुंडाळली तर तुम्ही ती काढून टाकली. म्हणाले गुंडाळू नको, आतली वाफ आतच राहते, पाणी टाक आणि ओढणीने वारा घाल. मग रिक्षा थांबवून आमच्यासोबत डॉक्टरकडे आलात. डॉक्टर म्हणाले दोन दिवस लघवीवर लक्ष ठेवा, कोऱ्या चहासारखी गडद झाली तर लगेच आणा, स्नायू तुटले की तसं होतं. त्या दोन दिवसांत तुमचे चार फोन आले. प्रश्न एकच, "रंग कसा शे?" चौथ्यांदा मी साफ पिवळा आहे म्हटलं तेव्हा तुम्ही फोनवरच एवढा मोठा श्वास सोडला की मला इकडे ऐकू आला.

मग तुम्ही मला समोर बसवून सांगितलंत, आणि मला तेव्हा कळलं की तुम्ही तीस वर्षं शाळेत पीटीचे सर होते. म्हणाले, हे शंभर मीटरवालं पोरगं आहे, तू त्याला दहा हजार मीटरला उभं केलंय. ह्यांच्या शर्यती 480 मीटरच्या, तीस सेकंदाच्या आत खेळ खलास, ताशी साठ-सत्तर किलोमीटरचा वेग, आणि मग दिवसभर झोप. दम धरून पळायचं त्याच्या स्नायूंना कोणी शिकवलेलंच नाही, अंगावर चरबी नाही, तो आळशी नाही, तू त्याचा इव्हेंट चुकवलास. मी त्याआधी दहा जणांना विचारलं होतं, कोणी म्हणे छडी दाखव, एका दुकानदाराने गळा आवळणारी साखळी गळ्यात मारली, पण ह्या कुत्र्याचं शरीर कशासाठी बनलंय हा विचार कोणी केलाच नव्हता.

आणि मग दुडकी. हा शब्द मी तुमच्याकडूनच शिकले. तुम्ही लहानपणी वडिलांचं बोट धरून सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे बघायला जायचे, तापीच्या काठावर, दत्त जयंतीला, तिथे वडील घोड्याचे दात नंतर बघायचे आणि चाल आधी. तुम्ही म्हणाले चौखूर ह्याला येतंच, ते शिकवायला नको, ह्याला दुडकी शिकवायची, घोडा दुडक्या चालीवर मैलोन् मैल जातो तशी. आमचा प्रॉब्लेम पण तिथेच होता, मी हळू पळाले की हा नुसता भरभर चालायचा आणि जरा जोर लावला की थेट उधळायचा, मधलं काही नाहीच. तुम्ही बाजूने चालत त्याच्या पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या पायाकडे बघत राहायचे, ते दोन्ही एकाच वेळी पडले की "हां!" म्हणायचे आणि मी लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा द्यायचा. किती दिवस नुसतं "हां" आणि अंडं. एक मिनिट दुडकी, दोन मिनिट चाल, असं पाच वेळा, की घरी. आठवड्यात तीनच दिवस. मला वाटायचं एवढ्याने काय होणार, मी अजून एक राउंड मारू म्हणायचे, आणि तुम्ही त्याचे कान बघायचे, कान मागे चिकटले आणि तो अर्धं पाऊल मागे राहायला लागला की "आते बस कर, तो सांगी ऱ्हायना." मला ते सांगणं दिसायला दोन महिने लागले. आता दिसतं.

पट्ट्याची गोष्ट लिहायलाच पाहिजे कारण त्यात हरण्याचा जीव वाचलाय. ह्या जातीचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, साधा पट्टा तो मागे सरकला की डोक्यावरून निघून येतो, आणि एकदा आलाच, टिटवी उडाली, हा मागे झटकला आणि माझ्या हातात रिकामा पट्टा. नशीब की शंभर मीटरवर काटेरी कुंपण लागलं आणि तो थांबला. तुम्ही दुसऱ्याच दिवशी मला बैलांच्या म्होरक्या-कासरे बनवणाऱ्याकडे घेऊन गेलात आणि खाटेच्या नवारीची रुंद पट्टी, दोन कड्या आणि त्या कड्यांतून जाणारी एक छोटी दोरी असं काहीतरी जमिनीवर खडूने काढून दाखवलंत. त्याला मार्टिंगेल म्हणतात हे मला नंतर कळलं, ओढ बसली की मानेएवढं आवळतं, त्याच्यापुढे नाही. कारागीर दीड तास बसला, तुम्ही तीनदा उसवायला लावलं, दोन बोटं आत गेली पाहिजेत म्हणून. आणि माझी पंधरा फुटी दोरी तिथेच कापून सहा फूट केलीत, कारण लांब दोरीत तो पूर्ण वेग पकडतो आणि दोरी संपली की झटका सगळा मानेवर. कंबरेला दोरी बांधून पळायची फॅशन आहे, मलाही हौस होती, तुम्ही फक्त विचारलंत की मांजर दिसलं तर कोण कोणाला नेईल.

एप्रिलमधला तो रविवार मात्र मी मरेपर्यंत विसरणार नाही. तुम्ही म्हणाले नुसती दुडकी दुडकी केली तर त्याचा जीव गुदमरेल, आठवड्यातून एकदा त्याला त्याचं पळणं द्यायचं. तुमच्या ओळखीच्यांचं कुंपणाचं शेत, कापसाच्या पऱ्हाट्या काढून झालेल्या. मी साडेपाचला पोचले तर तुम्ही आधीच आलेले, वाकून वाकून जमिनीत राहिलेली पऱ्हाटीची खुंटं उपटत होते, एक गोणीभर काढलेली, हाताला ओरखडे. खुंट पायात घुसलं तर ह्याची नस जाईल, कातडी कागदासारखी आहे ह्याची, एवढंच बोलले. कधीपासून आलात विचारलं तर सांगितलं नाही. मग हरण्याला सोडलं. दोनच फेऱ्या मारल्या त्याने, पण नाना, काय पळाला तो! नातीने स्लो मोशनमध्ये शूट केलं आणि आपण तिघं बांधावर बसून ते परत परत बघितलं, तुम्ही बोटाने थांबवून दाखवलंत की घोडा चौखूर पळताना एका झेपेत एकदा हवेत असतो आणि हा दोनदा, एकदा चारी पाय पोटाखाली गोळा करून आणि एकदा पुढचे पुढे, मागचे मागे ताणून. तोपर्यंत तो येऊन तुमच्या मांडीवर डोकं ठेवून धापा टाकत पडलेला. तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते, मी बघितलं होतं, बोलले नाही.

मे महिन्यात तुम्ही जॉगिंग बंदच करायला लावलं. पारा 45 च्या आसपास, पहाटे पाचलासुद्धा रस्ता कोमट, तुम्ही हाताची मागची बाजू डांबरावर सात सेकंद ठेवायला शिकवलंत, मला नाही सहन झालं तर त्यालाही नाही. मृगाचा पाऊस झाल्यावर पुन्हा सुरू केलं, आणि मग आपली काळी माती! फेरी संपली की तुम्ही बसून एक एक पंजा हातात घ्यायचे, बोटांच्या बेचक्यातला मातीचा गोळा अंगठ्याने काढायचे, कारण तो वाळला की दगड होतो आणि आतून घासत राहतो. ते काम मी आजही तसंच करते, घरात येण्याआधी ओट्यावर, आणि तो आता स्वतःहून पाय पुढे करतो. जेवणाचं पण तसंच, पळायच्या आधी आणि नंतर दीड-दोन तास काही नाही, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फिरतं आणि मग तासांचा खेळ असतो. माई कळण्याच्या भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभ्या असायच्या आणि तुम्ही घड्याळ बघून "अजून वीस मिनिट" म्हणायचे, माई चिडायच्या, हरण्या दोघांकडे आळीपाळीने बघायचा.

नोव्हेंबरात आम्ही पहिले पाच किलोमीटर पूर्ण केले, 38 मिनिटं. तुम्ही शाळेतलं जुनं स्टॉपवॉच गळ्यात घालून उभे होते, गुडघा दुखत असताना, मला नंतर कळलं म्हणून सांगते, डॉक्टरांनी तुम्हाला तेव्हा उभं राहायला मनाई केली होती. डिसेंबरच्या थंडीत तो कुडकुडायला लागला तर माईंनी जुन्या गोधडीची झूल शिवून दिली, पोळ्याच्या बैलासारखी, किनारीला लाल पट्टी. माझा शुगर रिपोर्ट आता 5.6 आहे. पण त्याच्यापेक्षा मोठी गोष्ट ही की पहाटे अंधारात एकटी बाई म्हणून मला जी भीती वाटायची ती गेली, आणि हरण्या ज्या घरी चार पावलं चालायला घाबरायचा त्या घराच्या दारात साडेपाचला पट्टा तोंडात धरून उभा असतो.

तुम्ही माझे कोण, तर कोणीच नाही. आठ महिने पहाटे उठून, गुडघा दुखत असताना, एका अनोळखी बाईच्या कुत्र्यासाठी आलात. एकदा पैशाचं विचारलं तर दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी. ऑपरेशननंतर नाशिकला मुलाकडे गेलात तेव्हा स्टेशनवर हरण्याला आणलं होतं, तुम्ही खिडकीतून हात बाहेर काढून त्याचे कान चोळत होते आणि गाडी हलली. मला "थँक्यू" म्हणायचं होतं, तेवढं राहूनच गेलं. ते आज म्हणते. नाना, मनापासून आभार. हरण्याच्या वतीने पण.

भरताची वांगी आणि मेहरूणची बोरं आली की पाठवते, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर. आणि माईंना सांगा झूल पाठीवर उसवलीये, मी शिवायला घेतली होती पण त्यांचा टाका मला जमत नाही, थंडीच्या आधी या दोघं.

तुमची पोरगी
आणि हरण्या
जळगाव